शेवटच्या पानावरचा शेरा

पत्र थोडक्यात असं:

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे एक आजोबा लिहितात. वय ७१. चौतीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घरात मुलगा, सून आणि अकरावी सायन्सला असलेली नात. नात भरपूर वाचते, पण गेली दोन वर्षं तिच्या हातात एकाच जातीची इंग्रजी पुस्तकं दिसतात. अंतराळयान किंवा शे-दोनशे वर्षांनंतरचं जग, आणि त्यात प्रेमात पडलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं. मे महिन्यात तिने स्वतःहून त्यातलं एक आजोबांच्या हातात ठेवलं. बेथ रेव्हिस या अमेरिकन लेखिकेची 'अक्रॉस द युनिव्हर्स' ही २०११ सालची कादंबरी. "आजोबा, हे वाचाच," म्हणाली.

आजोबांनी शेजारी डिक्शनरी ठेवून तीन आठवड्यांत पुस्तक संपवलं. सवयीने हातात पेन्सिल होती. विज्ञान चुकलं असं वाटलं तिथे समासात फुली मारली. शेवटच्या कोऱ्या पानावर शेरा लिहिला: "विज्ञान कच्चे. प्रेमकथेसाठी अंतराळाची गरज नव्हती." नातीने पानं चाळली, शेरा वाचला, "बरं" म्हणाली आणि पुस्तक सॅकमध्ये टाकलं. तेव्हापासून पुस्तकांचा विषय बंद. दुसरा भाग तिने आणलाय, तो ती खोलीचं दार लावून वाचते.

सर विचारतात: "मी खोटं कौतुक करायला हवं होतं का? आम्ही विशीत नारळीकर वाचले, त्यात विज्ञान पक्कं असायचं. हे वाचून हिचं विज्ञान बिघडेल, आणि वर प्रेमाच्या भलत्या कल्पना डोक्यात बसतील, ही काळजी चुकीची आहे का? खरं सांगायचं तर प्रेमाची पानं मी भराभर उलटली. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं."

सर, नमस्कार.

आधी एक गोष्ट सांगते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपलं आवडतं पुस्तक घरातल्या मोठ्या माणसाला वाचायला देते, हे फार क्वचित घडतं. मैत्रिणीला देणं सोपं असतं. आजोबांना देताना तिने मनाशी बराच विचार केला असणार. तुम्ही ते टाळलं नाहीत, डिक्शनरी घेऊन बसलात, अख्खं वाचलंत. ही जमेची बाजू मोठी आहे आणि ती तिच्याही लक्षात आहे, असं मला वाटतं.

खोटं कौतुक नकोच होतं. ते तिला लगेच कळलं असतं. माझा आक्षेप तुमच्या खरेपणावर नाही. पेन्सिल जिथे चालायला हवी होती तिथे ती चाललीच नाही, असं मला म्हणायचं आहे. (पुढे या कादंबरीचा शेवट सांगावा लागणार आहे. ज्यांना ती वाचायची असेल त्यांनी पुस्तक आधी वाचावं आणि मग इथे परत यावं.)

तुमच्या शेऱ्यातलं पहिलं वाक्य, "विज्ञान कच्चे." बऱ्याच अंशी कबूल. इंग्रजीत 'यंग ॲडल्ट' आणि मुलांच्या बोलीत 'वायए' म्हणतात त्या विज्ञान-प्रेमकथांत हा दोष सर्रास आढळतो. यानाला इंधन कुठून मिळतं, हजारो माणसांना अन्न कसं पुरतं, असल्या प्रश्नांना एका वाक्यात वाटेला लावलेलं असतं. कथा एका मुलीच्या तोंडून, चालू वर्तमानकाळात, धावत्या लयीत सांगायची असते. तिला जे दिसत नाही ते वाचकालाही दिसत नाही. लेखकाला ही पळवाट सोयीची पडते, यात शंका नाही.

पण एक करू या. या कादंबरीचं मूळ गृहीतच घेऊ: माणसं गोठवून ३०० वर्षांच्या प्रवासाला पाठवलेली आहेत. तिथे तुम्ही फुली मारली असेलच. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, माणूस परत उठणार कसा? फुली बरोबर आहे. पण फुलीने गप्पा तिथेच संपतात. त्याऐवजी समासात "वुड फ्रॉग?" एवढंच लिहिलं असतं तर? उत्तर अमेरिकेतला हा बेडूक हिवाळ्यात खरोखर गोठतो, त्याचं हृदय थांबतं आणि वसंतात तो उठून चालू लागतो. रक्तात उतरलेली साखर त्याच्या पेशींना सांभाळते. आणि माणसाचं म्हणाल, तर गोठवलेल्या भ्रूणापासून पहिलं मूल १९८४ साली ऑस्ट्रेलियात जन्मलं. आज आपल्याकडच्या टेस्ट ट्यूब बेबी सेंटरांतही उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये भ्रूण ठेवलेले असतात. चार-आठ पेशींना जमतं ते अख्ख्या माणसाला का जमत नाही? हा प्रश्न अकरावीतल्या मुलीला विचारण्यासारखा आहे, आणि तो तिच्या घरात तुमच्याइतका चांगला कोण विचारणार?

विज्ञान बिघडेल ही भीती मनातून काढून टाका. ज्या मुलीने यानाच्या वेगाविषयी वाचलंय तिला सापेक्षता शिकवायला निम्मे कष्ट पडतात. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने गेलं तर यानावरचं एक वर्ष म्हणजे पृथ्वीवरची सुमारे सात, हे गणित तुम्ही तिला पाच मिनिटांत करून दाखवाल. आणि "मागे राहिलेल्या माणसांचं काय झालं असेल" हा विचार तिने आधीच केलेला असेल, कारण कादंबरीने तो करायला लावलाय.

आता दुसरं वाक्य. "प्रेमकथेसाठी अंतराळाची गरज नव्हती." इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

पहिलं प्रकरण आठवा. नायिका ॲमी सतरा वर्षांची आहे. आई-वडील मोहिमेवर निघालेत. तिला गोठवण्याआधी वडील मुद्दाम आईला पुढे पाठवतात. हे काय असतं ते मुलीने डोळ्यांनी पाहावं, आणि नको वाटलं तर मागे फिरता यावं, म्हणून. ती थांबते, पाहते, आणि मग स्वतः ठरवते. त्या खोलीत जे घडतं ते वाचवत नाही, पण त्या बापाने मुलीला निवड दिली आहे. पुढे कुणीतरी तिला गोठवून ठेवणारी पेटी बंद पाडतं आणि यान पोचायच्या ५० वर्षं आधी ती जागी होते. आई-वडील अजून बर्फात. ते उठतील तेव्हा ती त्यांच्याहून म्हातारी असेल. सर, लेकीने आई-बापाहून म्हातारं होणं! हे दुःख पृथ्वीवरच्या कुठल्या प्रेमकथेत मांडता येईल? त्यासाठी ती पेटी लागते, ते यान लागतं, ती ३०० वर्षं लागतात. इथे विज्ञान भिंतीवरच्या चित्रासारखं शोभेला टांगलेलं नाही. ते काढलं तर कथा उभीच राहत नाही.

या जातीच्या पुस्तकांतली चांगली कुठली आणि सुमार कुठली, हे ओळखायची माझी स्वतःची कसोटी हीच आहे. अंतराळ, यंत्रं, सरकार सगळं काढून कथा कोल्हापूरच्या एखाद्या कॉलेजच्या कट्ट्यावर नेऊन बसवा. ती तशीच्या तशी चालली, तर तुमचा शेरा त्या पुस्तकाला लागू. अडली, तर नाही.

आणि आता त्या पानांकडे येते, जी तुम्ही भराभर उलटलीत.

ॲमीची पेटी बंद केली कुणी? एल्डरने. सोळा वर्षांचा, यानावरच पिढ्यानपिढ्या जन्मत आलेल्या जाग्या माणसांतला, यानाचा होणारा प्रमुख, अर्धी कादंबरी ज्याच्या तोंडून सांगितली जाते आणि ज्याच्यावर वाचकाने जीव लावावा अशी लेखिकेची इच्छा आहे तो. गोठलेली मुलगी दिसली, तिला जागं पाहावंसं वाटलं, म्हणून. कबुली येते अगदी शेवटी. म्हणजे बापाने जी निवड तिला दिली होती ती या मुलाने एका क्षणात काढून घेतली, आणि तरी पुस्तकाचा ओढा त्यांना जवळ आणण्याकडेच आहे. तिच्या रागाला पुरेशी पानं मिळत नाहीत. भरीला यानावर तिच्या वयाचा दुसरा मुलगाच नाही. हा तर बिनविरोध निवडून आलेला उमेदवार! त्याला 'निवडलं' म्हणायचं का?

सर, या पुस्तकातली सर्वांत मोठी चूक (किंवा सर्वांत मोठा प्रश्न, मी दोन्ही म्हणेन) त्या पानांत आहे, आणि तिथे तुमची एकही खूण नाही. बेडकाचं विज्ञान तुमच्या नातीला कुठल्याही पुस्तकात सापडेल. "तुला पाहिल्यावर मला राहवलं नाही" असं म्हणत कुणी आपल्या आयुष्याचा निर्णय परस्पर घेतला, तर त्याला प्रेम म्हणायचं की नाही, हे बोलायला तिला घरात माणूस हवा आहे. तिने तुम्हालाच पुस्तक का दिलं, मला ठाऊक नाही. अंदाज करायचा तर, तिला फुल्यांचा राग आलेला नसावा. जे तिला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ती पानं कोरी दिसली, त्याचं वाईट वाटलं असावं.

"भलत्या कल्पना डोक्यात बसतील" ही तुमची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही. ती खरी आहे, आणि ती अनेक आई-बापांची आहे. या प्रकारात काही गोष्टी इतक्या वेळा येतात की त्या चुकीच्या आहेत हेच वाचणाऱ्याला जाणवेनासं होतं. पहिल्या नजरेत कायमचं प्रेम. दोन मुलांत अडकलेली नायिका, आणि तीन भागांची मालिका ओढायला तेवढंच इंधन. मुलाचं पाळतीवर असणं, तिच्या वतीने ठरवणं, तिच्यापासून सत्य लपवणं, आणि हे सगळं 'तिच्या काळजीपोटी'. एक दुष्ट सरकार, ज्याचा कारभार कसा चालतो हे कुणालाच माहीत नाही, आणि सतरा वर्षांच्या दोघांनी एकमेकांचा हात धरला की ते कोसळतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात दम संपतो तो याच कारणांनी. २००८ साली सुझान कॉलिन्स यांचं 'द हंगर गेम्स' आलं. त्यात प्रेम हे कॅमेऱ्यापुढे जगण्यासाठी केलेलं नाटक आहे की खरं, हे नायिकेलाही धड कळत नाही, आणि तीच त्याची ताकद आहे. त्या यशामागे जी रांग लागली, त्यातल्या पुष्कळांनी नेमका तो संशय सोडला आणि प्रेमाचा त्रिकोण तेवढा उचलला.

पण यावर उपाय पुस्तक काढून घेणं हा नाही. मी गेली काही वर्षं एका वाचनगटात या वयाच्या मुलांबरोबर बसते. तिथे आम्ही ॲली काँडी यांचं 'मॅच्ड' (२०१०) वाचलं. त्यात समाजाची यंत्रणा सतराव्या वर्षी प्रत्येकाचा जोडीदार ठरवून देते, आकडेमोड करून, समारंभ करून. अमेरिकन वाचकाला हे भयंकर भविष्य वाटावं, अशी कल्पना. आमच्या गटातली एक मुलगी पुस्तक मिटून म्हणाली, "ताई, हे तर माझ्या मावसबहिणीचं मागच्या महिन्यात झालं. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले." मग दीड तास कुणी हललं नाही. पत्रिका, बायोडेटा, मॅट्रिमोनीच्या साइटवरचे फिल्टर, जात, पगार, 'मुलीला विचारलं होतं' म्हणजे नेमकं काय विचारलं होतं. एक मुलगा म्हणाला की त्याच्या आई-बाबांचं ठरवूनच झालंय आणि ते सुखात आहेत, मग पुस्तक खोटं का? त्यावरही भांडण झालं, चांगलं भांडण. साहित्य म्हणून 'मॅच्ड' मला फार थोर वाटत नाही, त्याचा त्रिकोण मला कंटाळवाणा झाला. पण घरात जे विषय ताटावर काढता येत नाहीत, ते त्या मुलांनी 'समाज' नावाच्या परक्या जगाच्या आडून बोलून घेतले. भविष्यकाळात ठेवलेल्या कथेचा हा गुण फार मोठा आहे. आपल्याच घराकडे चार पावलं लांबून पाहता येतं.

विज्ञान आणि प्रेम खरोखर एकजीव झालेलं काही वाचायचं असेल, तर लॉरेन जेम्स यांचं 'द लोनलिएस्ट गर्ल इन द युनिव्हर्स' (२०१७) नातीला सुचवा, किंवा तिने वाचलं असेल तर मागून घ्या. यानात एकटी मुलगी, मागून येणाऱ्या दुसऱ्या यानात एक मुलगा, आणि दोघांत फक्त निरोप. अंतर इतकं की उत्तराची वाट पाहत राहावं लागतं, आणि यान जवळ येऊ लागतं तशी ती वाट आखूड होत जाते. तुम्हाला हे आवडेल, कारण सगळी भीती आणि सगळी ओढ प्रकाशाच्या ठरलेल्या वेगातून निघते. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर-१ ला आज निरोप पाठवला तर उत्तर यायला जवळजवळ दोन दिवस लागतात, हे तिला सांगा. ज्या पिढीला निळी टिक दिसायला दहा मिनिटं उशीर झाला की घशाला कोरड पडते, तिला ही वाट पाहणं नेमकं कळतं. आणि केवळ शब्दांवर भाळलं तर शब्दांमागचा माणूस कोण, हे त्या पुस्तकाइतकं धारदार मी कुठल्या समुपदेशनाच्या पत्रकात वाचलेलं नाही. मोबाइलवर अनोळखी माणसाशी ओळख वाढवणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने ते वाचावं.

नारळीकरांबद्दल. माझंही त्यांच्यावर प्रेम आहे. पण आठवा, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाचं वजन बाजूला राहावं आणि कथा कथा म्हणून वाचली जावी, एवढ्यासाठी. पहिलं बक्षीस मिळालं. तुमच्या नातीच्या पुस्तकावर 'पोरींच्या प्रेमकथा' या नावाचं उलटं वजन आहे. ते झाकून वाचलं असतंत, तर ती पानं तुम्ही उलटली नसतीत असं मला वाटतं. नारळीकरांची कथा विज्ञानातली एक कल्पना घेते आणि माणसं तिच्यापाशी नेते. ही पुस्तकं माणसाच्या मनातली एक अडचण घेतात आणि विज्ञान तिच्यापाशी आणतात. दोन वेगळ्या वाटा आहेत, एकीच्या पट्टीने दुसरी मोजू नये. आपल्या मराठी विज्ञानकथेत या वयाची मुलगी, तिचं मन, तिचा जीव कुणावर जडणं, याला मला तरी फारशी जागा मिळालेली दिसली नाही. नात इंग्रजीकडे गेली याचं एक कारण तेही असेल.

आता करायचं काय?

तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. एक, शेरा खोडून "छान होतं गं" म्हणणं. नको. खोडलेलं दिसतंच, आणि तुमच्या शब्दाची किंमत जाते. दोन, तिला 'चांगली' विज्ञानकथा आणून देणं. द्या, पण आत्ता नाही. आत्ता दिलीत तर ती शिक्षाच वाटेल. तीन, गप्प बसणं, वय सरेल म्हणून. वय सरेल, पण त्याबरोबर तुम्हाला पुस्तक आणून देण्याची सवयही सरेल.

मी तुमच्या जागी असते तर तिला इतकंच सांगितलं असतं: "मी ते पुस्तक अर्धंच तपासलं. प्रेमाची पानं नीट वाचलीच नाहीत. पुन्हा देशील?" शिक्षकाने पेपर अर्धा तपासला हे कबूल करणं किती जड जातं, हे मला कळतं. म्हणूनच त्याचा उपयोग होईल.

दुसऱ्या वाचनात फुल्या मारू नका, प्रश्न लिहा. इतर पालक-शिक्षकांनाही हेच सांगेन. आणि प्रश्न खरे असावेत, ज्यांचं उत्तर तुमच्यापाशी तयार नाही असे. एल्डरने जागं केलं नसतं तर ती त्याच्यावर भाळली असती का? यानावर दहा मुलं असती तर? तिला किती दिवस रागावलेलं पाहायला आवडलं असतं तुला? यानातल्या लोकांना पाण्यातून औषध देऊन शांत ठेवलंय, त्यातल्या कुणाचं 'हो' खरं मानायचं? उत्तर तुमच्या मनासारखं आलं नाही तर दुरुस्त करू नका. "एल्डर चुकला, पण मला तो आवडतो," असं ती म्हणाली तर तेही ऐकून घ्या. पुस्तकातल्या मुलावर जीव जडणं आणि तसा नवरा शोधणं यांतला फरक बहुतेक मुलींना आपल्यापेक्षा चांगला कळतो. एखादीला तो कळत नसेल, तर तेही अशा मोकळ्या बोलण्यातूनच समजेल, बंद दारातून नाही.

आणि तिच्या आयुष्यातल्या मुलांची चौकशी या आडून करू नका. एकदा जरी "तुझ्या वर्गात आहे का असा कुणी?" असं निघालं, तर पुढचं पुस्तक तुम्हाला मिळणार नाही.

अजून एक, जे मला तुमच्या पत्रात ओळींच्या मधे दिसलं. ॲमी त्या यानात आहे ती आई-वडिलांच्या कामापायी. कुठे जायचं हे त्यांनी ठरवलेलं, तिने फक्त हो म्हटलेलं. तुमची नात अकरावी सायन्सला आहे. तो निर्णय तिचा होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी गृहीत धरत नाही. पण पहिल्या प्रकरणातला तो बाप, जो पोरीला आधी पाहू देतो आणि मग विचारतो, तो तुम्हाला कसा वाटला, हे तिला सांगा.

दुसऱ्या भागाचं नाव 'अ मिलियन सन्स'. तो तिच्या खोलीत आहे. तिचा वाचून होईपर्यंत थांबा, पहिला भाग पुन्हा वाचायला तुम्हाला दोन आठवडे तरी लागतील. मग दारावर टकटक करून मागा. शेवटच्या कोऱ्या पानावर आधी तिला लिहू द्या.